पिवळं म्हणजे किती पिवळं

लग्नाच्या हंगामात फोंड्याकडच्या एखाद्या देवळाच्या सभागृहात पंगतीला बसलं की माझी नजर लोकांच्या मनगटांवर जाते. आजोबांचं घड्याळ घातलेला नातू आणि शेजारी आखातातून सुट्टीवर आलेला मामा, दोघांचीही घड्याळं स्विस, दोन्ही सोन्याची, आणि रंग मात्र दोन. नातवाचं फिकट, मामाचं तांबूस. कुणीतरी वडीलधारं लगेच निकाल देतं: जुनं ते बावनकशी, आताच्यात सगळी भेसळ.

भेसळ दोन्हीत आहे, आणि ती हवीच. शुद्ध सोनं इतकं मऊ, की टेबलाच्या कडेवर एकदा आपटलं तरी पोचा यायचा. म्हणून १८ कॅरेट, म्हणजे हजारात ७५० भाग सोनं. रंगाची सगळी सूत्रं उरलेल्या २५० भागांच्या हातात. त्यात चांदी आणि तांबं निम्मं निम्मं घातलं की आपल्या ओळखीचा पिवळा रंग येतो. चांदी १६० आणि तांबं ९० केलं की तो फिकटतो. तांबं २०५ पर्यंत नेलं की गुलाबी. कस तिन्हींचा तोच.

जुन्या घड्याळांत तर कसही एक नाही. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला १४ कॅरेट चालायचं, इंग्लंडात ९ सुद्धा. जुन्या स्विस घड्याळाचं मागचं झाकण उघडून आतून भिंग लावावं. १८ कॅरेटला छाप हेल्वेशियाच्या, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या बाईच्या मस्तकाचा, १४ ला शेपटी वर केलेल्या खारीचा. सगळा छाप तांदळाच्या दाण्याहूनही लहान. १९९५ पासून दोघींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं तोंड आलं. मला विचाराल तर खारच बरी होती.

मुक्तीपूर्वी गोव्यात परदेशी घड्याळं सहज मिळत, त्यामुळे इथल्या जुन्या घरांतल्या कपाटांत अशी एखादी खार अजून निघते. त्याहून जास्त निघतो तो मुलामा. झाकणावर ‘२० मायक्रॉन’ असं काही कोरलेलं असलं की समजावं, सोनं फक्त वरच्या सालीपुरतं. पट्टा अडकतो त्या कोपऱ्यांवर साल झिजते आणि खालचं पितळ डोकावतं. ‘सोन्याचा रंग उतरला’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

खऱ्या सोन्याचाही रंग थोडा हलतो. घाम, खारा वारा, तरणतलावातलं क्लोरीन यांचा राग तांब्यावर. पृष्ठभागावरचं तांबं काळवंडतं किंवा निघून जातं, आणि गुलाबी सोनं पिवळट दिसू लागतं. त्यावर उपाय म्हणून रोलेक्सने २००५ मध्ये ‘एव्हरोज’ नावाचं सोनं आणलं. गुलाबी टिकावा म्हणून त्यात थोडं प्लॅटिनम. ओमेगाने २०१९ मध्ये ‘मूनशाइन’ आणलं, तर ते नेहमीच्या पिवळ्याहून मुद्दाम फिकट! म्हणजे नवं सोनं तांबूस आणि जुनं फिकट हा हिशोबही फसला. ज्या त्या काळाची हौस, दुसरं काय.

म्हणून आजोबांचं घड्याळ ‘उजळून’ मामाच्या रंगावर आणायच्या भानगडीत नातवाने पडू नये. पॉलिशच्या चाकावर काळपटपणा जातो, पण त्याबरोबर कडा बोथट होतात, बाहेर कुठे छाप असेल तर तो पुसट होतो. मुलाम्याचं असेल तर पितळच हाती लागतं. आणि खरं असेल तर खालून पुन्हा तोच फिकट पिवळा निघणार, कारण त्यातलं तांबं आणि चांदी आतपर्यंत त्याच मापाची.