पाण्याच्या वाटेने कोल्हापूर

कोल्हापूरला येणारा पाहुणा बहुधा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसतो. त्यात वाईट काही नाही. परंतु तेवढ्याने जिल्हा कळत नाही. माझ्या मते हा मुलूख पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे इथल्या नद्या वाहतात त्या दिशेने पाहावा.

गगनबावडा, राधानगरी आणि शाहूवाडी हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यावरचा धुवाधार पाऊस झेलतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांच्यापासून चिखलीजवळच्या प्रयाग संगमावर पंचगंगा होते आणि ती पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. घाटमाथ्यावर भात-नाचणी पिकते, तर खाली काळ्या रानात ऊस उभा राहतो आणि हंगामात गुऱ्हाळे पेटतात.

हे पाणी अडवण्याचे मोठे काम राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भोगावतीवर राधानगरी येथे हाती घेतले. त्यांचा २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के आरक्षणाचा आदेश सर्वांना ठाऊक असतो; हे धरण मात्र बाहेरच्यांच्या गावीही नसते. पाण्याची पातळी वाढताच आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे हा आमच्याकडे पावसाळ्यातला रोजचा विषय असतो, कारण ते उघडले की शहरातल्या माणसांचे लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे लागते; तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. धरणामागचे दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध आहे.

शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरचा पन्हाळा हा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासूनचा गड. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात येथूनच विशाळगडाकडे निसटले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. अंबरखाना आणि तीन दरवाजा तरी घाई न करता पाहावेत. पुढे सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची वाटणी १७३१ च्या तहाने झाली, तीही वारणा नदी हद्द धरून. आजही बऱ्याच अंतरापर्यंत सांगली जिल्ह्याची सीमा हीच नदी आहे.

सर्वांत कमी पाहिले जाते आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते शिरोळ तालुक्यातले, कृष्णाकाठचे खिद्रापूर. शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिराच्या पुढे ४८ खांबांचा स्वर्गमंडप आहे आणि त्याच्या छताला मधोमध गोल मोकळे आकाश ठेवले आहे. त्याखाली उभे राहून वर पाहावे आणि मग बाहेर येऊन जोत्यावरचा हत्तींचा थर सावकाश न्याहाळावा. प्रत्येक हत्तीची झूल आणि दागिने वेगळे आहेत. शिवमंदिर असूनही येथे समोर नंदी नाही, आणि गाभाऱ्यात कोपेश्वरासोबत विष्णुरूप मानला जाणारा धोपेश्वर आहे.

कृष्णा फुगली की या भागातले रस्ते पाण्याखाली जातात, म्हणून खिद्रापूरला दिवाळीनंतर कुरुंदवाडमार्गे जावे. त्याच फेरीत नृसिंहवाडीचा संगम होतो आणि तेथली कवठाची बर्फीही घेता येते.