बोअरमधला आवाज

निरीक्षण विहिरींची जानेवारीतली पाणीपातळी मोजत मी लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यात फिरत होतो, तेव्हा एका वयस्कर शेतकऱ्याने हात करून गाडी थांबवली. ११ दिवसांपूर्वी त्यांनी ६५० फूट बोअर घेतला होता. ३५ फुटांवर थोडी ओल लागली, पण त्याखाली शेवटपर्यंत नुसता धुरळाच उडाला. "पर सायेब, आत पाणी पडायलंय. रातच्याला सपष्ट आवाज येतंय. खाली झरा असंल. अजून ३०० फूट न्यावं का?" त्या ३०० फुटांसाठी एक बैल विकायचे घरात ठरलेही होते.

केसिंग पाईपच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात कडा ढासळू नयेत म्हणून बसवलेल्या नळीच्या, तोंडाशी कान लावला, तर खरोखरच पाणी पडत असल्याचा बारीक पण अखंड आवाज येत होता. आरशाने उन्हाची तिरीप आत सोडली, तेव्हा २० फुटांचे केसिंग संपल्यावर आणखी खाली, ३५ फुटांवरच्या त्या ओलीपाशी, मुरूम आणि फुटीर खडक जिथे मिळतात तिथून, करंगळीएवढी धार कडेने ओघळत खालच्या अंधारात जाताना दिसली.

"मामा, विहीर कुठे आहे तुमची?" मी विचारले.

त्यांच्या वडिलांनी बांधलेली ती विहीर बोअरपासून ४० पावलांवर होती. पोलादी फितीच्या टोकाला खडू फासून ती आत सोडली, तेव्हा पाणी ३१ फुटांवर असल्याचे कळले. दगडी बांधकामावरची ताज्या शेवाळाची ओलसर रेघ मात्र २४ फुटांवर होती. पाणी उतरल्याचे मामांनीही पाहिले होते, पण दोष शेजाऱ्याच्या मोटारीला दिला होता.

मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. पावसाचे पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि फुटीर खडकात साठते. खालच्या घट्ट पाषाणात ते केवळ भेगांमध्ये असते, आणि त्या शिवारातल्या भेगा भोवतीच्या बोअरांनी आधीच उपसून रिकाम्या केल्या होत्या. साडेसहा इंची, ६५० फुटांचा बोअर जेमतेम ४ हजार लिटर पाण्यात काठोकाठ भरतो. ११ दिवस धार पडूनही तो भरला नव्हता, याचा अर्थ वरचे पाणी त्या रिकाम्या भेगा गिळत होत्या. मामांचा बोअर म्हणजे त्यांच्याच विहिरीच्या घागरीला बुडाशी पडलेले भोक होते.

हे सांगताना मला फार जड गेले. मामा विहिरीच्या काठावर बसले. "म्हंजे माज्याच हिरीचं पाणी मीच..." एवढे म्हणून ते गप्प झाले.

जगात उपसल्या जाणाऱ्या एकूण भूजलापैकी सुमारे चौथा हिस्सा एकटा भारत उपसतो, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण सगळे जाणतो. पण उपशाच्या त्या हिशेबात न दिसणारी अशी गळतीही शिवारोशिवारी चालू असते. केसिंग घट्ट खडकापर्यंत नेऊन भोवतालची फट बुजवल्याशिवाय बोअरची गाडी शेतातून हलूच देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. वाचवलेल्या केसिंगचे पैसे थोडे असतात, विहीर पिढ्यांची असते.

बैल विकायचा बेत मामांनी तिथेच सोडला. दुपारी ट्रॅक्टरने दोन ट्रॉल्या माल आणला. ६० फुटांपर्यंत खडी आणि मुरूम भरून त्यावर कोरड्या चिकणमातीचा कूट थोडा थोडा टाकत, पाणी शिंपडत आणि लांब पाईपने ठासत बोअर वरपर्यंत बुजवला. दिवस मावळताना मामांनी केसिंगला कान लावला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"बंद झालं," ते म्हणाले. मग धोतराला हात पुसत त्यांनी ओढ्यापलीकडच्या उसाकडे बोट केले. "भावाच्या बोअरलाबी असाच आवाज हाय. उजेड हाय तंवर चला, सायेब."

मी आरसा गाडीत ठेवला होता, तो पुन्हा काढला.