ट्रान्झिटचा व्हिसा लागते का?

आपल्या नागपुरात आता प्रत्येक अपार्टमेंटमध्ये एकतरी घर असं आहे की पोरगा नाहीतर पोरगी बाहेर आहे, आणि उन्हाळा जवळ आला की आईवडिलांची तिकडं जायची धावपळ सुरू. जिथं जायचं तिथला व्हिसा सगळे नीट काढतात, त्यासाठी दुरंतोनं मुंबईला जाऊन बीकेसीत लाइनीतही उभे राहतात, पण मधे विमान कुठं बदलायचं आहे ते कोणी बघतच नाही. आपल्या सोनेगाव विमानतळावरून थेट बाहेर म्हणजे शारजा, दोहा असं थोडंफार, त्यामुळे मधे एखादा परका देश येतोच, अन् नुसतं विमान बदलायला त्याचाही व्हिसा लागू शकतो, तोच ट्रान्झिट व्हिसा.

आमच्या शेजारच्या काकू टोरंटोला जाऊन राहिल्या होत्या, व्हाया लंडन. एजंट म्हणे काही लागत नाही, पोरगा फोनवर म्हणे लागतो. दोघंही अर्धे बरोबर. भारतीय पासपोर्टवर हीथ्रोला नुसतं विमान बदलायचं असलं तरी डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो, पण कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असला तर तो माफ. काकूंकडे कॅनडाचा होताच. तरी त्यांचं सुरू, "अन् चुकून बाहेर पडलो तर रे?" म्हटलं काकू, जांभळे बोर्ड दिसतील फ्लाइट कनेक्शन्सचे, ते धरून चालत राहा, लोक बॅगा घ्यायला जातात तिकडं जाऊच नका.

अमेरिकेत मात्र असला प्रकारच नाही. बाहेरून येणाऱ्यांना आतल्या आत विमान बदलायची सोय नाही, म्हणजे तुम्ही मेक्सिकोला चालले असाल अन् मधे ह्यूस्टनला दोन तास असतील तरी इमिग्रेशनच्या लाइनीत उभं राहायचंच, त्यासाठी सी-१ ट्रान्झिट व्हिसा नाहीतर साधा टुरिस्ट व्हिसा हातात पाहिजे.

युरोपात अजून एक गंमत. शेंगेनचे २९ देश, पण सीमा एकच. मुंबई-पॅरिस-ॲमस्टरडॅम अन् तिथून पुढे कुठं असं तिकीट असलं, तर पॅरिस-ॲमस्टरडॅम म्हणजे त्यांच्या लेखी आपलं नागपूर-मुंबई. पॅरिसलाच पासपोर्ट तपासून आत घेणार, म्हणजे शेंगेन व्हिसा हवाच, जरी तुम्हाला युरोपात पाय ठेवायचा नसला तरी.

पण खरा घोळ स्वस्त तिकिटांचा आहे बाप्पा. वेबसाइट दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून देते, खाली बारीक अक्षरात सेल्फ ट्रान्सफर लिहिलेलं असतं, अन् आपण फक्त वाचलेले पंधरा-वीस हजार बघतो. पीएनआर दोन, त्यामुळे बॅग बहुतेक वेळा पुढे जात नाही, ती घ्यायला बाहेर पडावं लागतं, अन् बाहेर पडायचं म्हणजे त्या देशात शिरायचं, म्हणजे व्हिसा. माझं स्पष्ट मत, पासष्टीच्या आईवडिलांसाठी असलं तिकीट काढूच नये, फुकट मिळालं तरी.

रील बघून प्लॅन करणारेही आहेत. चीनमध्ये २४० तास व्हिसा नको, हे खरं आहे पण ज्या देशांना ही सवलत आहे त्या यादीत भारत नाही, आपल्याला २४ तासांचीच सवलत.

अन् काउंटरवरच्या मुलीशी भांडून उपयोग नाही. तिच्या स्क्रीनवर टिमॅटिक असतं, आयाटाचा डेटाबेस, त्यात तुमचा पासपोर्ट अन् रूट टाकला की काय लागतं ते येतं. कागद कमी असताना नेलं तर कंपनीला दंड, वर परत आणायची जबाबदारीही कंपनीचीच, मग ती कशाला रिस्क घेईल? तिथं "आमचा एजंट म्हणाला" चालत नाही. बुकिंगच्या आधीच एअरलाइनच्या साइटवर ट्रॅव्हल डॉक्युमेंट्सचं पान उघडून बघा, बऱ्याच जणी हीच माहिती तिथं देतात.

ऑस्ट्रेलियाला लेकीकडे जाणाऱ्यांसाठी मात्र सिंगापूर मस्त आहे. ऑस्ट्रेलियाचा चालू व्हिसा अन् पुढचं कन्फर्म तिकीट असलं तर सिंगापुरात ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय फिरता येतं. फक्त आत सोडायचं की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो, म्हणून हॉटेल कॅन्सल होणारंच घ्या.