चऱ्याचा तपास

गाडीवर चरा दिसला की माणूस आधी आजूबाजूला बघतो, चऱ्याकडे नंतर. मीही तेच केलं. मागचं डावं दार, गुडघ्याच्या जरा वर, वीतभर लांब, पिवळट रेघ. गाडी गडद निळी, त्यामुळे रेघ लांबूनसुद्धा दिसायची. मला लगेच दुसऱ्या मजल्यावरचा सायकलवाला मुलगा आठवला. पुरावा काही नव्हता, पण सोसायटीत पुरावा लागतो कुठे? तीन दिवस त्या पोराच्या 'गुड मॉर्निंग काका'ला मी नुसती मान हलवली.

गॅरेजवाला म्हणाला, "अख्खं दार मारावं लागेल." नुसता तुकडा मारला तर कडेला शेड वेगळी दिसते म्हणे. आकडा ऐकून मी चहासुद्धा न घेता निघालो.

मग रविवारी सकाळी ऊन यायच्या आत बादली, शाम्पू, दोन मऊ मायक्रोफायबर फडकी आणि रबिंग कंपाउंडची (रंगाचा वरचा थर बारीक घासणाऱ्या पेस्टची) डबी घेऊन मी पार्किंगमध्ये उतरलो. पत्रा तापला की कंपाउंड लावता लावता वाळतं, म्हणून ही घाई. आईने जिन्यातूनच सुचवलं, "पितांबरी लाव की." तळमजल्यावरचे काका स्टूल घेऊनच बसले. त्यांचं मत टूथपेस्टला होतं. ते अगदीच खुळं नाही. टूथपेस्टमध्येही बारीक घासणारी पूड असतेच, फक्त ती दातांचा विचार करून घातलेली असते.

गाडी धुतली आणि चरा बराचसा दिसेनासा झाला! मी काकांकडे विजयी नजरेने पाहिलं. ते म्हणाले, "वाळू दे." वाळल्यावर रेघ परत हजर. खाचेच्या कडांवर उजेड विखुरतो म्हणून चरा डोळ्यांत भरतो. पाण्याने खाच भरली की विखुरणं कमी होतं. खोबरेल तेल चोळून चरा घालवणाऱ्यांचं गुपितही एवढंच. पुढच्या धुण्यापर्यंतची सोय.

मग नखाची परीक्षा. रेघेवरून नख आडवं फिरवायचं. अडकलं नाही तर घरी जमेल, अडकलं तर खाच खोल आहे. माझं नख बहुतेक ठिकाणी सरळ गेलं, दोन जागी ठेचकाळलं.

आजकालच्या गाड्यांना पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यातला क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्यावरचा केस (असल्यास) बहुधा त्याहून जाड भरेल. आणि घासताना चरा भरून येत नाहीच. आपण आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून खाचेच्या पातळीला आणतो. बिरबलाने रेघ न पुसता शेजारी मोठी रेघ ओढली होती. इथे रेघेला हात न लावता कागदच खरवडायचा. हे कळल्यापासून माझा हात भलताच हलका झाला. २००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक पॉलिशपेपर, आणला होता, तो खिशातच राहिला.

दाराच्या काळ्या प्लॅस्टिकपट्टीला मास्किंग टेप लावली, नाहीतर कंपाउंड तिथे पांढरं धरून बसतं. वाटाण्याएवढं कंपाउंड फडक्यावर घेतलं आणि घासायला लागलो. मिनिटाभराने फडकं पाहिलं. निळा रंग आला असता तर घाबरायला हवं होतं, कारण क्लिअर कोट संपला असा त्याचा अर्थ.

फडक्यावर पिवळा आला होता.

पिवळा? सायकल तर लाल. मी पुन्हा घासलं, पुन्हा पिवळा, आणि रेघ भराभर पुसट व्हायला लागली. म्हणजे निम्म्याहून जास्त चरा हा चरा नव्हताच. दुसऱ्या कशाचा तरी रंग माझ्या दाराला लागला होता. हात थांबवून मी हळूच मान वळवली. आमच्या पार्किंगचा खांब, काळे-पिवळे पट्टे, ऑइलपेंट. मी रोज त्याच्याच कुशीत रिव्हर्स घेतो.

काका पेपर वाचत होते. निदान तसं दाखवत होते.

खोल गेलेल्या दोन जागी शेवटी टचअपची बाटली काढली. गाडीवरच्या स्टिकरवरचा रंगाचा कोड बघून अगदी तोच निळा मागवला होता. ठिपका दिला, तर तो शेजारच्या निळ्याहून तजेलदार. नऊ वर्षं ऊन खाल्लेला निळा बाटलीत मिळत नाही. दोन पावलं मागे गेलं की दिसत नाही, म्हणून मी दोन पावलं मागेच उभा राहिलो.

तेवढ्यात सायकलवाला आला. "काका, एकदम मस्त झालं!" मी त्याला जरा जास्तच गोड हसलो. तो गेल्यावर खांबाजवळ जाऊन पाहिलं. गुडघ्याच्या जरा वर, पिवळ्या पट्ट्यावर, वीतभर निळी रेघ. इकडेतिकडे बघून मी फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाउंड घेतलं.

"आता खांबालाही पॉलिश का?" पेपरामागून काकांनी विचारलं.