राखीव दलाची तयारी दिवसांत मोजावी

राखीव दलाची, म्हणजे एरवी नागरी कामधंदा करणाऱ्या आणि गरज पडल्यास सैन्यात बोलावल्या जाणाऱ्या सैनिकांची, ताकद सांगताना नोंदवहीतील नावांची संख्या पुढे केली जाते. नियोजनाची सुरुवात मात्र, हुकूम निघाल्यापासून किती दिवसांत एखादी तुकडी प्रत्यक्ष कामाला लागेल, या प्रश्नापासून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आखाती युद्धाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. अमेरिकेने काही नियमित डिव्हिजनांमधील एकेक ब्रिगेड नॅशनल गार्डवर, म्हणजे तिथल्या राज्यांच्या अर्धवेळ राखीव सैन्यावर, सोपवली होती. त्यांपैकी अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या ४८व्या ब्रिगेडला नोव्हेंबर १९९० च्या अखेरीस पाचारण करण्यात आले. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात तिचा सराव संपतो न संपतो तोच, फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस, युद्ध थांबले. वाहतूक, वैद्यकीय सेवा, रसद सांभाळणाऱ्या अनेक राखीव तुकड्या मात्र आखातात पोहोचल्या. ट्रकचालक किंवा शल्यविशारद एरवीही रोज तेच काम करत असतो. रणगाडे, तोफखाना आणि अभियंते यांचा मेळ मात्र महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे एवढ्या सरावात बसत नाही. सैनिकांच्या निष्ठेला इथे बोल लावता येणार नाही. कोणते काम कोणाला द्यायचे, हे आधीच नीट ठरवायला हवे होते.

मनुष्यबळाचा हिशेबही वरवर दिसतो तितका सरळ नसतो. पोलीस, अग्निशामक आणि परिचारिका हेच अनेकदा राखीव सैनिकही असतात, त्यामुळे संकटात एकच माणूस दोन यादींत मोजला जातो; ही दुहेरी मोजणी दरवर्षी तपासलीच पाहिजे. शिवाय बारीकसारीक गोष्टींवर गाडे अडते. अमेरिकी लष्करात दातांच्या स्थितीनुसार चार वर्ग केले जातात आणि वर्षभरात दात ठणकण्याची शक्यता असलेला, तिसऱ्या वर्गातील सैनिक सहसा उपचारांशिवाय मोहिमेवर धाडला जात नाही. शांततेच्या काळात तो खर्च कोणी करायचा हे ठरलेले नसेल, तर ऐन वेळी दंतवैद्याच्या दाराशी रांग लागणार.

साधनसामग्रीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, नियमित सैन्याने टाकून दिलेल्या रेडिओवर शिकलेल्या माणसाला नवा संच हाती पडल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. मला सर्वांत जास्त काळजी प्रशिक्षकांची वाटते. युद्ध पेटताच अनुभवी अधिकारी आणि हवालदार आघाडीवर जातात आणि नव्याने बोलावलेल्यांना शिकवायला कोणी उरत नाही. म्हणून काही प्रशिक्षक आघाडीवर हलवायचे नाहीत, असे नावानिशी आधीच ठरवून त्यांच्या पदांची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळी दाखवायला हवी.