कडेकडून मध्याकडे

चवथीच्या आत भाच्याची गोधडी पुरी करायचीच असं ठरवलंय, त्यामुळे हा अख्खा आठवडा मशीनपाशी गेला. डिचोलीत पाऊस असा लागलाय की धुतलेलं काही वाळत नाही, म्हणून कापड कापायच्या आधी दर वेळी कडक इस्त्री, कारण दमट सुती कापड पट्टीखाली ताणलं जातं आणि मग चौकोन चौकोन राहत नाही.

सुरुवातीचे दिवस तुकडे जोडण्यात गेले. लाल चौकडीचं हातमागाचं कापड आहे, आपल्या कुणबी साडीसारखं (ती साडी पुन्हा लोकांच्या नजरेत आणली फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी, त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे), आणि सोबत पांढरं. लाल आधी वेगळं धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, हे सांगून ठेवते. मग लाल-पांढरे चौकोन उजव्या बाजू आत करून एकमेकांवर ठेवायचे, तिरकी रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप घालायची आणि रेघेवर कापायचं, की त्रिकोणांचे दोन चौकोन मिळतात. शिवून 3 इंच राहायला हवा तर हिशेबाने 3 पूर्णांक 7 अष्टमांश कापायचा, पण मी सरळ 4 इंच कापते आणि जोडल्यावर साडेतीनला छाटते (अर्धा इंच पुढच्या शिवणीत जातो), टोकं नेमकी जुळतात.

नंतर थर लावले, अस्तर, मध्ये कापसाची वॉडिंग म्हणजे मऊ भरणाचा थर, वर जोडलेलं कापड, आणि तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. थर एकत्र शिवायच्या (यालाच क्विल्टिंग म्हणतात) सरळ ओळींना मशीनला वॉकिंग फूट हवाच हवा, खालचे दात अस्तर पुढे ओढतात आणि हा फूट वरचं कापड त्याच वेगाने नेतो, नाहीतर वरचा थर मागे राहून सुरकुत्या पडतात. टाका 3 मिलिमीटरचा. आणि सुरुवात नेहमी मध्यापासून, म्हणजे ढिलेपणा असेल तो बाहेर कडेला सरकत जातो.

आता खरी गोष्ट. माझी नणंद कर्नाटकात हल्याळला असते, तिच्या शेजारी एक सिद्दी मावशी आहेत, त्यांनी व्हिडिओ कॉलवर कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, कशी शिवतात ते दाखवलं आणि मी बघतच राहिले कारण तिथे सगळं उलट आहे!! वरचं कापड आधी जोडून घ्यायचंच नाही. खाली जुनी साडी पसरायची, एका कोपऱ्यापासून तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची आणि धावदोऱ्याने सगळे थर एकदमच शिवत कडेकडेने फिरत फिरत मध्याकडे यायचं. जोडणं आणि क्विल्टिंग दोन्ही एकाच टाक्यात. फुगा येत नाही कारण पुढचा तुकडा ठेवण्याआधी हाताने खालचं सपाट करत जायचं, शिवाय तुकडा केवढाही असो, मोजायचं काहीच नसतं.

हे सिद्दी लोक म्हणजे पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेल्यांचे वंशज, त्यांतले कितीतरी इथून निसटून घाटापलीकडच्या जंगलात गेले, आज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहतात. त्यांच्या पूर्वजांना माणूस म्हणून न वागवणारी ती जागा हा आपलाच गोवा होता, हे मला कवंद शिकताना सतत आठवतं आणि आपल्याकडे क्विल्टिंग म्हटलं की सगळे परदेशी पॅटर्न शोधतात, अनमोड घाट चढून पलीकडे कोणी बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मावशींनी एक बजावून सांगितलं, चारही कोपऱ्यांना फुलं हवीत. म्हणजे छोटे चौकोन दुमडून केलेले त्रिकोण, एकावर एक बसवलेले. फुलं नसली तर कवंद नागडी दिसते म्हणाल्या.

मशीनची गोधडी जवळजवळ झालीय, फक्त बाइंडिंग म्हणजे कडेची पट्टी राहिलीय, अडीच इंची पट्ट्या दुहेरी दुमडून. आणि कवंद आईच्या जुन्या साडीवर सुरू केलीय, पहिली कड झाली, आता दुसऱ्या कोपऱ्यावर वळतेय. फुलांसाठी लाल चौकडीतले छाटलेले तुकडे पुरतील असं दिसतंय, नाहीतर शुक्रवारी म्हापशाला जाऊन कापड बघेन.