दुसरं पेर

"थांब गं, मोजणं चुकेल माझं."

रात्री आईच्या खोलीतला दिवा मालवायला गेले, तेव्हा ती म्हणाली. अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकत होता. मला वाटलं, जप चाललाय.

जप नव्हता. आज आपल्यासाठी कोणी काय केलं, ते ती देवाला सांगत होती. एका पेराला एक माणूस. चार बोटांची १२ पेरं संपवून ती दुसऱ्या हातावर आली होती. दिवसभर घराबाहेर न पडलेली बाई!

"मी आहे का त्यात?"

"सकाळी माझ्या चष्म्याच्या काचा पुसून ठेवल्यास ना? दुसरंच पेर तुझं."

मला आठवतही नव्हतं.

अंथरुणावर पडल्यावर मीही मोजायला घेतलं. मैत्रिणीचा 'पोचलीस का?' एवढाच मेसेज. जिन्यात न विचारता माझ्या हातातली जड पिशवी घेणारा शेजारचा मुलगा. मग अंगठा तिथंच थबकला. बाकीच्यांनी काय काय केलं असेल, माझं लक्षच नव्हतं. फार चुटपुट लागली.

आणि अजून एक विचार मनातून जात नाहीये. आईचं सोडा, पण आज आणखी कुणाच्या बोटावर माझं एखादं पेर असेल का?